रॉकेट नेमकं कशाला ढकलतं? : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

भाची भोंडल्याहून थेट इकडे आली. हातात खिरापतीची पुडी आणि डोक्यात शाळेचं विज्ञान प्रदर्शन. ती नववीत आहे, वर्गात 'गतीचे नियम' चालू आहेत. बाईंनी सांगितलंय की दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक गटाने स्वतः मोजलेलं काहीतरी आणायचं, नेटवरून छापून आणलेला तक्ता चालणार नाही. हिच्या गटाने दिवाळीचं रॉकेट घेतलंय. गटातल्या बाकीच्या दोघी सुट्टीत गावाला जाणार, त्यामुळे गट म्हणजे ती आणि मी.

"मामा, रॉकेट वर जाताना कशाला ढकलतं?"

मी चहात साखर ढवळत म्हणालो, "हवेला. वायू खाली जोरात सुटतो, हवेवर आपटतो, रॉकेट वर."

"मग अवकाशात हवा नसते तिथे?"

साखर विरघळून गेली होती, तरी मी ढवळतच राहिलो. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं सहायक आहे. व्हर्नियर, लोलक, अनुनाद नळी हे सगळं रोज हाताखालून जातं, आणि नववीतल्या मुलीला इतकं सरळ चुकीचं उत्तर दिलं.

तिचं स्वतःचं मत वेगळंच होतं. "मला वाटतं ते बाटलीला ढकलतं. म्हणून तर बाटलीत उभं करतात."

वहीच्या पहिल्या पानावर दोन दावे लिहून घेतले. मामाचा दावा: हवा. भाचीचा दावा: बाटली. तिसऱ्या दाव्यासाठी जागा मोकळी सोडली.

८ ऑक्टोबर

रात्री वाचत बसलो. माझ्या चुकीला चांगली सोबत आहे, एवढं समाधान मिळालं. १३ जानेवारी १९२० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची टिंगल केली होती. निर्वात जागेत ढकलायला काहीच नसताना रॉकेट चालेल कसं, एवढंही या प्राध्यापकाला कळू नये का, असा त्याचा सूर. अपोलो ११ उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, वर्तमानपत्राने चूक दुरुस्त केली. गोडार्ड १९४५ मध्येच गेले होते.

मग भाचीसाठी एक चित्र काढलं. एक नळी, दोन्ही टोकं बंद, आत दाबलेला गरम वायू. वायू सगळ्या बाजूंना सारखाच रेटतो. डाव्या भिंतीवरचा रेटा उजव्या भिंतीवरच्या रेट्याला खाऊन टाकतो, वरच्या झाकणावरचा बुडावरच्याला. नळी जागची हलत नाही. आता बुडाला भोक पाडा. वरच्या झाकणावर वायू पूर्वीसारखाच रेटतोय, पण खाली जिथे भोक आहे तिथे रेटा घ्यायला भिंतच नाही. हिशोबात वरच्या बाजूला शिल्लक राहते, आणि ती शिल्लक म्हणजेच रॉकेटचं बल.

म्हणजे ढकलणं होतं ते नळीच्या आत. रॉकेट आपल्याच पोटातल्या वायूला खाली ढकलतं, वायू रॉकेटला वर. बाहेरची हवा या व्यवहारात पक्षकारच नाही. उलट ती बाहेरून भोकावर दाबून वायूला अडवते, आणि वर जाताना रॉकेटलाही अडवते.

तेच दुसऱ्या बाजूने, संवेगाच्या भाषेत: दर सेकंदाला जेवढं वस्तुमान बाहेर पडतं, गुणिले त्याचा बाहेर पडण्याचा वेग, तेवढं बल. भोकाच्या तोंडाशी वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त उरला असेल तर त्या फरकाचं थोडं बल आणखी. दोन्ही हिशोब एकाच गोष्टीचे आहेत, फक्त खतावणी वेगळी.

भाचीने चित्र बघून विचारलं, "मग कुकर का नाही उडत?" आधी हसलो, मग बसून विचार केला. शिट्टी होते तेव्हा वाफ वजनाखालून चारी बाजूंना आडवी सुटते. पूर्वेकडची पश्चिमेकडचीला मारते, दक्षिणेकडची उत्तरेकडचीला. नुसता जोर असून भागत नाही, तो एका दिशेला लागतो. आणि वाफ सरळ वर गेली असती तर कुकर ओट्यावर दाबला गेला असता, उडाला नसता. हे तक्त्यावर घ्यायचं ठरलं.

१० ऑक्टोबर

फुगा. गॅलरीच्या गजापासून आतल्या दाराच्या कडीपर्यंत नायलॉनचा दोरा ताणला, त्यात शीतपेयाची नळी ओवली, तिला फुगा चिकटवला. हे सगळ्यांनी केलेलं असतं, पण आम्हाला मामाचा दावा तपासायचा होता. म्हणून फुग्याच्या तोंडामागे चार बोटांवर जाड पुठ्ठा धरला. वायू हवेला किंवा भिंतीला ढकलत असेल तर पुठ्ठा असताना फुगा जोरात सुटायला हवा.

दहा वेळा पुठ्ठ्यासह, दहा वेळा त्याच्याशिवाय. कधी हा पुढे, कधी तो. फुगा प्रत्येक वेळी सारखा फुगवणं हेच जमत नाही, त्यामुळे यातून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. भाचीला मात्र पुरेसं वाटलं आणि तिने 'मामा ०' असं लिहून टाकलं.

एक गोष्ट चांगली दिसली. फुग्याच्या तोंडात रिकाम्या बॉलपेनची नळी बसवली की फुगा हळू जातो पण जास्त वेळ चालतो. तोंड अरुंद, म्हणून दर सेकंदाला कमी हवा बाहेर.

१३ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस पाण्याचा. सव्वा लिटरची सोड्याची रिकामी बाटली, तिच्या तोंडात घट्ट बसणारं रबरी बूच, बुचातून आरपार सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने व्हॉल्व्ह फुकट दिला आणि कशाला हवाय ते ऐकून बघायलाही आला. पंप पायाने मारायचा, काट्याचा. जागा सोसायटीमागचं मोकळं मैदान. बाटली विटांच्या आधाराने उलटी उभी, सगळे दहा पावलं मागे, पंपाची नळी लांब. फुगवलेल्या बाटलीवर कोणीही वाकायचं नाही हा नियम आधीच घालून दिला.

बाटलीत ४०० मिलिलिटर पाणी, बाकी हवा. काटा तीस पौंडावर आला आणि बूच सुटलं.

आम्ही दोघंही भिजलो. पंक्चरवालाही भिजला. बाटली आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीच्या वर गेली आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उतरली.

दुसरी बाटली: पाणी अजिबात नाही, नुसती हवा, तेच तीस पौंड. फट्ट आवाज झाला, बाटली दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेली आणि डोलत खाली आली. भाचीला हे पटेना. "हलकी आहे की! जास्त वर जायला पाहिजे." तिथेच जमिनीवर बसून बोललो. दाब तोच, तोंड तेच, म्हणजे सुरुवातीचा धक्काही साधारण तेवढाच. पण बाहेर टाकायला आहे काय? नुसत्या हवेच्या बाटलीत जास्तीची हवा जेमतेम तीन ग्रॅम. ती भुर्रकन जाते आणि धक्का तिथेच संपतो. दुसरीकडे ४०० ग्रॅम पाणी. हळू जातं, पण जाताना केवढं वस्तुमान घेऊन जातं.

बरोबर नेलेल्या मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन घेतलं होतं. पाणी संपायला चौदा फ्रेम लागल्या. म्हणजे सेकंदाचा सतरावा भाग.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

आटीव दूध उकळेपर्यंत हिशोब. तीस पौंड म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दोन वातावरणं जास्त दाब. त्या दाबाखाली पाणी सुरुवातीला सेकंदाला वीस मीटरने बाहेर पडतं. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २२ मिलिमीटर. यावरून सुरुवातीचं बल दीडशे न्यूटनच्या आसपास येतं. भाचीला न्यूटन कळत नाहीत, किलो कळतात: पंधरा किलोचं तांदळाचं पोतं उचलण्याइतकं. तिने दोनदा गुणाकार तपासला. बरोबर आहे. फक्त ते चौदा फ्रेमपुरतंच टिकतं आणि तेवढ्यातही उतरत जातं.

बल किती आणि किती वेळ, या दोन्हींचा गुणाकार ती 'धक्क्याचं बिल' म्हणते. पुस्तकात त्याला आवेग म्हणतात. बाटलीचं बिल सुमारे सात न्यूटन-सेकंद. आता रॉकेटचं काढायचं.

शेजारच्या इमारतीच्या जिन्यात पाटी लागली आहे: 'गच्चीवर आकाशातून पडलेली वस्तू परत मिळणार नाही. चौकशी करू नये.' आम्ही चौकशी केली नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

दहा रॉकेटचं पाकीट आणलं. मोठ्या आवाजाचं नाही. सुर्र करत वर जाऊन शेवटी चार तारे सोडणारं छोटं रॉकेट.

आई त्याला रॉकेट म्हणत नाही, बाण म्हणते. हा तिच्या माहेरचा शब्द असेल असं वाटायचं, पण तो फार जुना आहे. पेशवाईतल्या फौजांकडे दारूचे बाण असत आणि ते चालवणाऱ्यांना बाणदार म्हणत. हैदर-टिपूच्या म्हैसूरच्या फौजेने कागदी नळीऐवजी लोखंडी नळी वापरली. लोखंड जास्त दाब सोसतं, म्हणून बाण जास्त लांब जायचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते बाण तिकडे नेले आणि त्यावरून विल्यम काँग्रीव्हने आपलं रॉकेट बनवलं. नळीचं सामान बदललं की काय काय बदलतं!

आईने बाण तांदळाच्या सुपात घालून उन्हात ठेवायला सांगितले. दरवर्षी सांगते. दारूला ओल लागली की ती धड पेटत नाही, हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. दारूतला सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तसा फार पाणी धरत नाही. त्याचा भाऊ सोडियम नायट्रेट धरतो, म्हणून तो स्वस्त असूनही फटाक्यांच्या दारूत सहसा वापरत नाहीत. पण कागद, कोळसा आणि वात ओल धरतातच. सकाळचं कोवळं ऊन दाखवून खोक्यात परत ठेवले, गच्चीवर विसरून जायचे नाहीत.

वजनं: स्वयंपाकाच्या काट्यावर, दशांश ग्रॅमपर्यंत. सहा रॉकेटांची सरासरी १८.२ ग्रॅम, काडीसकट.

मग काडी. बोटावर आडवी तोलून बघितली. तोल नळीच्या बुडाखाली जेमतेम दोन बोटांवर येतो. मला लहानपणापासून वाटायचं की काडी म्हणजे खाली लोंबणारं वजन, लोलकासारखं, म्हणून रॉकेट सरळ जातं. हेही चूक निघालं! लोलक सरळ होतो कारण तो वर एका जागी टांगलेला असतो. उडणारं रॉकेट कुठेच टांगलेलं नसतं. ते तिरकं झालं की त्याचं बलही त्याच्याबरोबर तिरकं होतं, आणि गुरुत्वाकर्षण सगळ्याला सारखंच खाली ओढतं, वळवत नाही. गोडार्डसुद्धा यात अडकले होते. १६ मार्च १९२६ च्या त्यांच्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटात इंजिन वरच्या टोकाला आणि टाक्या खाली होत्या. पुढे त्यांनी ती रचना सोडून दिली.

काडीचं खरं काम हवेशी आहे. लांब काडीचा बराचसा भाग तोलाच्या बिंदूच्या खूप मागे असतो. रॉकेट जरा वाकडं झालं की समोरून येणारी हवा त्या शेपटीवर आडवी लागते आणि शेपूट मागे सारते, वातकुक्कुटासारखं. म्हणजे हवेचा या गोष्टीत भाग आहेच, पण ढकलण्यात नाही, वळवण्यात. वहीत भाचीने माझ्या दाव्यासमोर अर्धा गुण दिला.

यात एक मेख आहे. हवेने वळवायला आधी वेग हवा. उभ्या रॉकेटची काडी निरुपयोगी. हे लक्षात ठेवायचं.

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, दुपारी झोप, रात्री आठला मैदान. फटाक्यांची वेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आठ ते दहा घालून दिली आहे, त्यामुळे उजेडात चित्रीकरणाचा विचार सोडावा लागला. ते बरंच झालं. अंधारात रॉकेट दिसत नाही पण ज्वाळेचा ठिपका फ्रेमगणिक स्वच्छ दिसतो. मागे तीन मीटरचा बांबू रोवला आणि त्यावर दर अर्ध्या मीटरला सायकलच्या मडगार्डला लावतात ती रेडियमची पट्टी. बाजूला टॉर्च. मोबाईल तिकाटण्यावर सात मीटर लांब. पाण्याच्या दोन बादल्या, सुती कपडे, पेटवायला लांब उदबत्ती. पेटवणारा मी, कॅमेरा तिच्याकडे.

मुख्य प्रयोग भाचीच्या दाव्याचा होता. तीन रॉकेटं बाटलीतून, आईच्या कोकम सरबताच्या काचेच्या बाटलीतून, वाळूत घट्ट रोवून. तीन पाइपमधून: बाटलीच्या तोंडाएवढाच जाड पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडं उघडी, खुंटीला बांधून जमिनीपासून वीतभर वर. बाटलीत ज्वाळेला बूड आहे, पाइपला नाही. बाटलीला ढकलत असेल तर फरक दिसलाच पाहिजे.

एकूण आठ सोडली. सहा नीट गेली. एकाची काडी आधीच वाकलेली होती, तरी मी हट्टाने लावलं. ते वर जाऊन वळलं आणि पार्किंगच्या पत्र्यावर आपटलं. पत्र्याखाली कोणी नव्हतं. वाकडी काडी लावायची नाही, पेटीतच ठेवायची.

दुसरं जागच्या जागी फट्ट करून फुटलं, बाटलीतच, काच शाबूत. माझा अंदाज: ते २७ तारखेला माझ्या हातून फरशीवर पडलेलं. आतली दाबून बसवलेली दारू तडकली असणार. दारू नेहमी पृष्ठभागावर जळते. तड गेली की जळायला नवे पृष्ठभाग मिळतात, वायू जास्त होतो, वायू झाला की दाब वाढतो, आणि दाब वाढला की दारू आणखी भराभर जळते. बुडाच्या छोट्या भोकातून एवढा वायू निघू शकत नाही, आणि कागदाची नळी लोखंडाची नसते. रॉकेट आणि फटाका यांत फरक एवढाच, की एकाला वेळेवर वाट मिळते.

उरलेली दोन रॉकेटं सोडली नाहीत.

२ नोव्हेंबर, पाडवा

दिवसभर फ्रेम मोजणं. भाचीचे डोळे माझ्यापेक्षा चांगले, त्यामुळे आकडे तिचे, लिहिणारा मी. ज्वाळा हलायला लागली ती फ्रेम शून्य. चोविसाव्या फ्रेमला, म्हणजे दशांश सेकंदाला, चढ किती?

बाटलीतून: ३८, ४३, ४० सेंटिमीटर.
पाइपमधून: ४१, ३६, ४२ सेंटिमीटर.

दोन्ही रांगा ती बराच वेळ बघत बसली. मग बाटलीच्या दाव्यावर तिने स्वतःच रेघ मारली. फरक असलाच तर आमच्या मोजण्याच्या चुकीपेक्षा लहान आहे.

दशांश सेकंदात ४० सेंटिमीटर म्हणजे त्वरण ८० मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. गुरुत्वाच्या आठपट! बल काढताना तिने वस्तुमान गुणिले ८० केलं आणि थांबली. मी काही बोललो नाही. पाच मिनिटांनी परत आली, "मामा, वजनही उचलतंय ना ते?" बरोबर. ८० अधिक ९.८, गुणिले १८.२ ग्रॅम. १.६ न्यूटन.

दीडशे न्यूटनच्या बाटलीनंतर हा आकडा फार केविलवाणा वाटतो. जेमतेम दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं वजन तोलण्याइतकं, म्हणजे एका मोठ्या पेरूएवढं. पण रॉकेट स्वतः १८ ग्रॅमचं आहे, म्हणून त्याला ते नऊपट होतं.

अठ्ठेचाळिसाव्या फ्रेमला बल तेवढंच राहिलं असतं तर चढ चौपट, म्हणजे १६० हवा होता. सरासरी १५० आला. बल खरंच उतरलं, की आम्ही बांबूच्या पट्ट्या तिरक्या वाचल्या, हे सहा रॉकेटांवरून सांगता येत नाही. जसं आलं तसं लिहिलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताई ओवाळायला आली आणि जेवणाच्या टेबलावर काजळीने भरलेल्या नळ्या बघून तिने आधी मलाच ओरडून घेतलं. सहापैकी दोन रॉकेटांचे सांगाडे सकाळी मैदानात सापडले होते, पूर्ण विझलेले आणि दवाने भिजलेले. वजन १४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रत्येकी चार ग्रॅमहून थोडं जास्त बाहेर गेलं.

नळी उभी चिरली. बुडाला मातीची चकती, मधे भोक, पट्टीने मोजलं तर ३ मिलिमीटर. हे रॉकेटचं नोझल! भट्टीत न भाजलेली, नुसती ठासलेली माती, आणि तिने सव्वा सेकंद हे सगळं सोसलं. भोकाची कड काळी पडली होती, पण फारशी झिजली नव्हती.

ज्वाळा व्हिडिओत सरासरी १.३ सेकंद टिकली. चार ग्रॅम भागिले १.३, म्हणजे सेकंदाला साधारण तीन ग्रॅम. बल १.६ न्यूटन. भागाकार केला की बाहेर पडण्याचा वेग येतो: सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास.

भाची ओरडलीच. पाणी वीस मीटरने, आणि हा धूर पाचशेने!

आकडा खरं म्हणजे कमी आहे. काळ्या दारूच्या चांगल्या रॉकेटात आठशेपर्यंत धरतात. आमच्या चार ग्रॅममध्ये शेवटच्या ताऱ्यांचा मसाला आणि जळालेला कागदही आला, त्यांनी रॉकेटला काही ढकललं नाही. शिवाय काळी दारू हे मुळात उधळं इंधन आहे. सोरा, कोळसा आणि गंधक जळून जे तयार होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वजनाने घनच असतं, पोटॅशियमच्या क्षारांची भुकटी. दिवाळीच्या रात्री डोळ्यांत जातो तो पांढरा धूर हाच. फुगून दाब देणारा वायू त्यामानाने थोडा. मोठ्या रॉकेटांच्या आधुनिक घन इंधनात हा वेग अडीच हजारांच्या आसपास जातो. आपल्याकडे पुण्यात पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्र संशोधन संस्था, जिथे पिनाक हे लष्करी रॉकेट तयार झालं, आणि सुतारवाडीला घन इंधनाची प्रयोगशाळा एचईएमआरएल. बसने जाताना त्यांच्या भिंती रोज दिसतात. भिंतीपलीकडे काय चालतं ते सांगणारा मी कोण, पण मूळ गुणाकार तिथेही हाच.

ताईला बासुंदी वाढता वाढता बिलं मांडली. बाटली: सात न्यूटन-सेकंद. रॉकेट: १.६ गुणिले १.३, जेमतेम दोन. तरी रॉकेट बाटलीच्या कितीतरी वर गेलं. ताईने कारण विचारलं आणि भाचीने ते मला न विचारता सांगितलं: बाटलीला आधी अर्धा किलो उचलायचं असतं, रॉकेटला १८ ग्रॅम.

१० नोव्हेंबर, रविवार

तक्ता. रेखीव अक्षर तिचं, फ्रेमचे फोटो चिकटवणं माझ्याकडे.

शेवटची एक गंमत काल रात्री सुचली. रॉकेटचं बल आणि भोकाचं क्षेत्रफळ माहीत असेल तर आतल्या दाबाचा ढोबळ अंदाज लागतो. करून बघितलं: बाहेरच्या हवेपेक्षा दीड-दोन वातावरणं जास्त. तीस पौंडाची सोड्याची बाटली होती तीही दोनच वातावरणांची! कागदाच्या नळीतली आग आणि पायाने मारलेला पंप, दोघांचा दाब जवळपास एक. फरक तोंडाचा. २२ मिलिमीटर आणि ३ मिलिमीटर, क्षेत्रफळात पन्नासपटीहून जास्त. एकाने सगळी पुंजी एका झटक्यात उधळली, दुसऱ्याने चिमटीने खर्चली.

यावरून आणखी एक हिशोब. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी. बाहेरची हवा भोकावर कमी दाबते, म्हणजे तेच रॉकेट पुण्यात मुंबईपेक्षा दोन-तीन टक्के जास्त बल देईल. आमच्या मोजमापात हा फरक कधीच पकडता येणार नाही, तरी भाचीने तो तक्त्यावर जाड अक्षरात घेतला आहे. पुण्यातल्या शाळेचं प्रदर्शन आहे, परीक्षक खूश होतील असं तिचं म्हणणं.

काट्याला बांधून रॉकेट जाळायचं आणि बल थेट मोजायचं, ही तिची शेवटची मागणी मी नाकारली. बांधलेलं रॉकेट फुटलं तर पळायला त्यालाही जागा नाही आणि आपल्यालाही.

संध्याकाळी आईला तक्ता वाचून दाखवला. हवेला ढकलत नाही, बाटलीला ढकलत नाही, स्वतःच्या पोटातल्या वायूला ढकलतं. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"मग बाटली कशाला लागते?"

भाची वहीत २७ तारखेच्या पानावर गेली. काडीला हवा वळवते, पण त्यासाठी आधी वेग हवा. काडीचा पंचवीस सेंटिमीटर भाग बाटलीत असतो. तेवढा बाहेर येईपर्यंत रॉकेटचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या पुढे जातो, आणि मग काडी आपलं काम करू लागते. तोपर्यंत बोट धरून सरळ उभं करणारं काहीतरी लागतं.

"म्हणजे पाइप चालतो."

"चालतो की, आजी."

"मग पुढच्या वर्षी पाइपच न्या. माझ्या सरबताच्या बाटलीत काजळी बसली आहे, चिंच लावून घासली तरी जात नाही."